सच्छिद्र सिलिका: कृती तीच, तरी दर उन्हाळ्यात बॅच बिघडत असेल तर

"मागच्या महिन्यात हीच कृती केली, छान निघालं. आज तीच मापं, तीच माणसं, आणि बाटलीत नुसता खडूचा चुरा." सच्छिद्र सिलिकाचे कण बनवणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने एकदा तरी म्हटलेलं असतं. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत हे लागोपाठ तीन वर्षं झालं, आणि बहुतेक वेळा एप्रिल ते जूनमध्येच. शेवटी कारणं सापडली. ती कुठल्याही शोधनिबंधाच्या कृतीत लिहिलेली नसतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही बनवतो ते असं: अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे ५०० नॅनोमीटरचा भरीव सिलिकाचा गोळा आणि त्याच्यावर ५० नॅनोमीटर जाडीचं सच्छिद्र सिलिकाचं कवच. गाभा स्टोबर पद्धतीने, म्हणजे इथेनॉल, पाणी, अमोनिया आणि टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते तो द्रव). ही पद्धत १९६८ची आणि आजही तिला तोड नाही. कवचातली छिद्रं पाडायला सीटॅब हा साबणासारखा पदार्थ वापरतो. त्याचे पाण्यात मायसेल, म्हणजे रेणूंचे अतिसूक्ष्म पुंजके होतात, त्यांच्याभोवती सिलिका जमते आणि नंतर सीटॅब काढून टाकला की त्याच्या जागी दोन-तीन नॅनोमीटरची पोकळी उरते. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ साली एमसीएम-४१ हे सच्छिद्र सिलिका जाहीर केलं ते याच तत्त्वावर. एचपीएलसीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजण्याच्या यंत्राच्या) कॉलममध्ये भरतात ते २.७ मायक्रॉनचे कण याच कुळातले, फक्त मोठे: १.७ मायक्रॉनचा भरीव गाभा आणि भोवती अर्ध्या मायक्रॉनचं सच्छिद्र कवच. पदार्थाला कवचातच आत-बाहेर करावं लागतं, गाभ्यापर्यंत जावं लागत नाही, म्हणून आलेखावर शिखरं अरुंद आणि टोकदार येतात.

आमची बॅच तीन तऱ्हांनी बिघडायची. कधी कणांच्या गाठी व्हायच्या. कधी आकार बरोबर, पण कवचाला छिद्रंच नाहीत. कधी कवच चढण्याऐवजी बारीक कणांचा वेगळाच ढग तयार व्हायचा. आम्ही बरेच दिवस हे तीन वेगळे आजार समजत होतो.

कुठल्या पायरीवर बिघडतं ते आधी बघा

बिघडलेली बॅच थेट मायक्रोस्कोपखाली पाठवू नका. बाहेरून टेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो) करून घ्यायचं तर पैसे जातात, आठवडा जातो, आणि फोटोत फक्त शेवटची अवस्था दिसते. त्यापेक्षा दर पायरीला एक मिलिलिटर काढून झाकणाच्या कुपीत ठेवा: गाभा तयार झाल्यावर, कवच चढल्यावर, पहिल्या धुण्यानंतर, सीटॅब काढल्यावर, वाळवून पुन्हा मिसळल्यावर. पाच कुप्या ओळीने मांडा आणि घड्याळ लावा.

अर्ध्या मायक्रॉनचा सुटा सिलिकाचा कण पाण्यात दिवसभरात साधारण एक सेंटिमीटर खाली येतो. खाली येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दहापट मोठी घट्ट गाठ शंभरपट वेगाने बसते. म्हणून कुपी अर्ध्या-पाऊण तासात वरून नितळ झाली तर त्यात गाठी आहेत, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. उलट दुसऱ्या दिवशी वर बोटभर नितळ पट्टा, खाली एकसारखं दूध आणि तळाच्या पातळ थरावर तिरक्या उजेडात हिरवी-जांभळी मोरपंखी झाक दिसली, तर निश्चिंत राहा. सगळे कण एकाच मापाचे असले तरच ते इतके शिस्तीत रचले जातात आणि तो रंग दिसतो. मला ती झाक दिसली की अजूनही कुपी हातातून खाली ठेववत नाही.

डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं माप सांगणारं यंत्र) असेल तर वापरा, पण आकडा समजून घ्या. लहान कणांचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे मूठभर गाठी सगळ्या बॅचचा आकडा ओढून नेतात. ८०० नॅनोमीटर आलं म्हणजे कण ८००चे झाले असं नव्हे.

आमच्या कुप्यांनी दाखवलं की गाभा बहुतेक वेळा ठीक असतो, फक्त त्याचं माप हलतं. खरी गडबड कवच चढवताना आणि धुताना होत होती.

सीटॅबची बाटली

हे आमच्याकडे काचसामान सांभाळणाऱ्या काकांनी पकडलं. मे महिन्यातली सकाळ. मी पिपेट घेऊन उभी होते आणि काका म्हणाले, "ताई, ही बाटली मी काल धुतलेली नाही ना? हिच्या तळाला साखर बसल्यासारखं काहीतरी चमकतंय." बाटली उजेडात धरली तर तळाशी बोटाच्या पेराएवढा सुयांचा थर. पांढऱ्या, रेशमी, हलवल्या की हळूच उठणाऱ्या. वरचं द्रावण मात्र काचेसारखं स्वच्छ. आणि आम्ही रोज त्या वरच्या स्वच्छ द्रावणातूनच मोजून घेत होतो.

सीटॅबला पाण्यात विरघळून राहायला साधारण २५ अंशांच्या वरचं तापमान लागतं. त्याच्या खाली मायसेल टिकत नाहीत, स्फटिक होऊन खाली बसतात. आमचं साठ्याचं द्रावण ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ३६.४ ग्रॅम. जानेवारीत आम्ही एसी लावत नाही, खोली २६-२७ अंशांवर राहते आणि बाटलीला काही होत नाही. मे महिन्यात बाहेर ३६ अंश म्हणून एसी २० वर, तोही रात्रभर चालू, आणि बाटलीची जागा नेमकी त्याच्या झोताखाली. त्यात आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी ठेवलेली बाटली थेट शनिवारी उघडायची. वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या महिन्यात आमचा सीटॅब थंडीने गोठत होता.

आणि याच एका बाटलीतून दोन वेगवेगळे बिघाड निघत होते. वरचं द्रावण घेतलं तर सीटॅब कमी पडायचा. मग टीईओएसची सिलिका गाभ्यावर बसायची खरी, पण भरीव. माप बरोबर, छिद्रं गायब. आणि एखाद्याने प्रामाणिकपणे बाटली हलवून सुयांसकट घेतलं, तर सीटॅब दुप्पट व्हायचा आणि गाभ्याला सोडून त्याचे स्वतंत्र बारीक सच्छिद्र कण तयार व्हायचे. तोच तो ढग.

आता ती बाटली ३२ अंशांच्या इनक्यूबेटरमध्ये असते. घेण्याआधी उजेडात धरायची, सुई दिसली तर ३५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि हलक्या हाताने गोल फिरवायची. जोरात हलवलीत तर फेस होतो आणि माप चुकतं. काचेची पिपेट थंड असेल तर तिच्यातही सुया धरतात, तीही कोमट करून घ्या.

छिद्रं आहेत की नाहीत हे घरच्या घरी बघायचं तर मिथिलीन ब्लू वापरा. सीटॅब पूर्ण काढलेली, धुतलेली पावडर चिमूटभर घ्या, फिकट निळ्या द्रावणात हलवा आणि सेंट्रिफ्यूज करा. सच्छिद्र कवच असेल तर पावडर गडद निळी आणि वरचं पाणी फिकं. भरीव कण नुसते आकाशी होतात. नायट्रोजन शोषणाच्या चाचणीला पाठवण्याआधी एवढ्यावरच निम्मे नमुने गळतात.

अमोनियाची बाटली आणि "रूम टेंपरेचर"

गाभ्याचं माप का हलतं, याचं उत्तर बहुतेक अमोनियात असतं. स्टोबर पद्धतीत नेहमीच्या मर्यादेत अमोनिया वाढवला की कण मोठे होतात, घटवला की लहान. कृतीत "२५ टक्के अमोनिया, इतके मिलिलिटर" असं लिहिलेलं असतं. पण अडीच लिटरची बाटली चार महिने पुरवायची, दर वेळी झाकण उघडायचं, वर मे महिन्याचं गोदाम. मग ती २५ टक्के राहील कशी? आमच्या अर्ध्या झालेल्या बाटलीत १९ टक्क्यांच्या आसपास निघाला. वासावर जाऊ नका. १९ टक्क्यांनीही डोळ्यांतून पाणी येतं, आणि तो हुंगून बघण्याचा पदार्थ नाही.

टायट्रेशन करा, वीस मिनिटांचं काम आहे. एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड २० मिलिलिटर घ्या. त्यात पिपेटचं टोक बुडवून १ मिलिलिटर अमोनिया सोडा, वरून थेंब टाकलात तर वाफ उडते. मिथिल रेड घालून उरलेलं ॲसिड एक नॉर्मल कॉस्टिक सोड्याने मोजा. फिनॉल्फथॅलिन चालणार नाही, अमोनियमच्या क्षारामुळे शेवट ॲसिडच्या बाजूला येतो. २५ टक्के अमोनिया सुमारे १३.४ मोलर असतो, म्हणजे कॉस्टिक साडेसहा मिलिलिटरच्या आसपास लागायला हवं. आम्हाला साडेनऊच्या पुढे लागलं होतं. आता आम्ही अमोनिया मिलिलिटरमध्ये मोजत नाही, मोलमध्ये मोजतो. बाटली आली की ५०० मिलिलिटरच्या बाटल्यांमध्ये गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवतो आणि प्रत्येकीवर मोजलेला आकडा आणि तारीख मार्करने लिहितो. काढतानाही हूडमध्येच आणि गॉगल लावूनच. मे महिन्यात बाहेर राहिलेल्या बाटलीचं झाकण उघडताना आतला वायू फसकन बाहेर येतो.

दुसरी गोष्ट तापमान. निबंधात "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं आणि ती रूम बहुधा थंड देशातली असते. तापमान वाढलं की केंद्रकं, म्हणजे ज्यांच्यावर पुढे कण वाढतो ती बीजं, जास्त बनतात आणि कण लहान राहतात. आमच्या हवेत २० अंश राखणं कठीण, ३० राखणं सोपं. म्हणून आम्ही सगळी कृती ३० अंशांच्या वॉटर बाथवर नेली आणि त्या तापमानाला मापं पुन्हा बसवली. सीटॅबच्या सुयांचा प्रश्नही त्याच वेळी फ्लास्कपुरता मिटला.

टीईओएस जुना असेल, तळाशी पांढरं काही दिसत असेल, तर वाद न घालता नवीन बाटली उघडा.

कवच चढवताना उठणारा ढग

सीटॅब बरोबर असूनही ढग येत असेल, तर टीईओएस फार घाईने पडतोय. गाभ्यांचा पृष्ठभाग जेवढी सिलिका सामावून घेतो त्यापेक्षा जास्त सिलिका एकदम सुटी झाली, तर ती स्वतःची केंद्रकं बनवते. खूण अशी: मोठे कण बसावेत म्हणून हळू वेगाने सेंट्रिफ्यूज केल्यावरही वरचं पाणी निळसर दुधी राहतं.

किती टीईओएस लागेल हे कृतीतून उचलू नका, आपल्या गाभ्यासाठी हिशेब मांडा. ५०० नॅनोमीटरच्या गाभ्यावर ५० नॅनोमीटरचं कवच म्हणजे व्यास ६००. आकारमान १.२च्या घनाने, म्हणजे १.७३ पट झालं. कवचाचा वाटा गाभ्याच्या ०.७३ पट. एक ग्रॅम गाभा, घनता साधारण २ धरली तर त्याचं आकारमान अर्धा घन सेंटिमीटर, आणि कवचाचं ०.३६. त्यातली निम्मी जागा छिद्रांची धरली तर सिलिका लागते सुमारे ०.३६ ग्रॅम. एक ग्रॅम सिलिकाला ३.४७ ग्रॅम टीईओएस लागतो, म्हणून आपल्याला सव्वा ग्रॅम, मापाने १.३ मिलिलिटर. आम्ही आधी एका ग्रॅमला ३ मिलिलिटर घालत होतो! उरलेला कुठे जाणार होता?

हे १.३ मिलिलिटर चौपट इथेनॉलमध्ये मिसळून दोन-अडीच तासांत थेंबाथेंबाने सोडा. सिरिंज पंप नसेल तर ब्युरेटवर जमतं, फक्त थेंब स्टररच्या भोवऱ्यात पडू द्या, काचेच्या कडेला नको. आणि गाभे घालण्याआधी ते खरोखर सुटे आहेत का ते कुपीत बघा. दोन गाभे चिकटलेले असताना वर कवच चढलं तर ते जोडपं कायमचं.

धुताना गाठी

आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं ते हे. कवच नुकतं चढलेलं असताना कणावर सीटॅबचा थर असतो आणि कणाचा विद्युतभार धन असतो. सीटॅब पूर्ण निघाल्यावर उघड्या सिलिकाचा भार ऋण होतो. दोन्ही टोकांना कण एकमेकांना दूर ढकलतात. पण धनाकडून ऋणाकडे जाताना मध्ये शून्य लागतं, आणि त्या क्षणी त्यांना दूर ठेवणारं काही नसतं. आम्ही पाण्याने चार-चार वेळा धूत होतो, म्हणजे सीटॅब थोडा थोडा काढत होतो, आणि नेमके त्या शून्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये कण एकमेकांवर दाबत होतो. तिसऱ्या धुण्याची कुपी वीस मिनिटांत नितळ व्हायची ती यामुळे.

आता पहिल्यापासून इथेनॉलनेच धुतो, पाणी शेवटी. सेंट्रिफ्यूजचा वेग कमी आणि वेळ जास्त. तळाशी बसलेला गोळा चमच्याने खरवडावा लागला तर वेग जास्त झाला असं समजा. तो सोडवताना सगळं इथेनॉल एकदम ओतू नका. आधी दोन मिलिलिटर घाला, व्हॉर्टेक्सवर दह्यासारखं एकजीव करा, मग उरलेलं घाला, आणि मगच सोनिकेटर. गोळा अख्खा ठेवून तासभर सोनिकेटर लावला तरी आतली गाठ तशीच राहते, हे आम्ही करून बघितलंय.

धुण्याचं पाणी डीआयच (क्षार काढलेलं) हवं आणि त्याची कंडक्टिव्हिटी त्याच दिवशी मोजलेली हवी. कार्ट्रिज संपत आलं आणि टँकरचं पाणी आलेलं असलं की कॅल्शियम निसटतं, आणि ऋणभारित सिलिकाला गोळा करायला कॅल्शियमइतकं कामाचं दुसरं काही नाही.

वाळवणं आणि मफल

पाण्यातून ओव्हनमध्ये थेट वाळवलं की बॅच गेली. तीन नॅनोमीटरच्या छिद्रातून पाणी उडताना त्याच्या वक्र पृष्ठभागाचा ताण जवळपास हजार वातावरणांएवढा होतो. दोन कणांच्या फटीतलं पाणीही त्यांना असंच ओढून जवळ आणतं. मग मफल भट्टीमध्ये ५५० अंशांना ठेवलं की टेकलेल्या कणांवरचे हायड्रॉक्सिल एकमेकांशी जुळून सिलिकाचा पूल बांधला जातो. तो सोनिकेटरने तुटत नाही. इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी, म्हणून वाळवायचंच असेल तर शेवटचं धुणं कोरड्या इथेनॉलचं करा.

कॉलमसाठी पावडर लागते, तिथे मफल ठीक: मिनिटाला १ अंशाने चढवा, ५५० वर सहा तास. पण द्रवात पसरलेले कण हवे असतील तर मफलच्या वाटेला जाऊच नका. १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये २ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ६०-७० अंशांना सहा तास रिफ्लक्स (वर कंडेन्सर लावून तापवणं), मग ताज्या द्रावणात पुन्हा एकदा. कण पूर्ण वेळ ओलेच राहतात. थोडा नमुना वाळवून एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने रासायनिक बंध ओळखण्याची चाचणी) बघा. २९२० आणि २८५० जवळची दोन शिखरं म्हणजे सीटॅबची शेपटी. ती दिसत असतील तर तिसऱ्यांदा करा. २००१ साली मारिया व्हॅलेट-रेगी यांच्या गटाने एमसीएम-४१मध्ये आयबुप्रोफेन भरून दाखवलं, तेव्हापासून औषधासाठी हे कण वापरायचा विचार पुष्कळ जण करतात. त्यांनी तर ही शिखरं पूर्ण जाईपर्यंत थांबायलाच हवं, कारण सीटॅब पेशींची आवरणं फाडतो.

साठवण इथेनॉलमध्ये. पाण्यात सिलिका थोडी थोडी विरघळत राहते आणि पातळ भिंतींची छिद्रं आधी बुजतात.

पावसाळ्यात अमाइन लावताना

कणांवर अमाइनचे गट बसवायला एपीटीईएस हे रसायन लागतं, आणि जून उलटला की त्याचा वेगळाच त्रास सुरू होतो. एपीटीईएसच्या बाटलीच्या गळ्याशी पांढरी खपली दिसली की ती बाटली कवचासाठी वापरू नका. आपल्या हवेत झाकण दोन-चारदा उघडलं तरी ते आपापसात जुळायला लागतं आणि मग कणांवर एक पातळ थर बसण्याऐवजी गोंदासारखं काहीतरी बसतं. लहान बाटल्या मागवा, नायट्रोजनखाली उघडा, द्रावक म्हणून टोल्युइन ओलावा शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हवर ठेवलेलं घ्या आणि पावडर आदल्या रात्री १२० अंशांना व्हॅक्यूममध्ये वाळवून, गरम असतानाच फ्लास्कमध्ये टाका. आमचा ओव्हन ते बेंच हा दहा पावलांचा प्रवास आहे. जुलैत तेवढ्यातही पावडर ओलावा धरते, म्हणून आम्ही झाकणाच्या फ्लास्कमध्येच वाळवतो.

बिघडलेल्या बॅचचं काय?

कुपीने गाठी दाखवल्या आणि माल अजून ओला असेल, तर बहुतेक वेळा वाचतो. इथेनॉलमध्ये घ्या, वर सांगितलेलं ॲसिडचं रिफ्लक्स करून सीटॅब एकदाच पूर्ण काढा, धुवा, आणि अगदी थोडा अमोनिया घालून पीएच ८ च्या आसपास आणा. भार ऋण झाला की कण सुटायला लागतात. मग प्रोब सोनिकेटर, बर्फात फ्लास्क ठेवून, थांबत थांबत. शेवटी रात्रभर उभं ठेवून वरचं दूध ओतून घ्या, तळाशी बसलेला भाग बाजूला काढा.

वाळवलेली पण मफलमध्ये न गेलेली बॅच यातूनच अर्धीमुर्धी परत येते. मफलमधून गाठींसकट निघालेली येत नाही, तिच्यामागे दिवस घालवू नका. छिद्रं शाबूत असतील तर ती ओलावा आणि रंग शोषायला चांगलीच असते. आमच्याकडची तशी पावडर मलमलच्या पुरचुंड्यांमध्ये बांधून काका एपीटीईएसच्या कपाटात ठेवतात आणि दर पंधरवड्याला ओव्हनमध्ये तापवून परत लावतात.